किरकोळ कामे

वायरींच्या खोक्यात तळाशी डायरी निघाली.
पतपेढीची, दोन हजार दोनची.
पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो,
त्यांच्या मिशीवर माझं बॉलपेन.
आत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च,
आईनेच रेघा मारून दिलेल्या.

जमा: लांडग्याची कातडी, नग सात.
जमा: मोहरा एकशे चाळीस, पुलाखालच्या चोराकडून.
खर्च: मशाली, दोरखंड, जखमेवरचा लेप.
धर्मशाळेत एक रात्र,
पुढे आईचा शेरा, ‘भाडे फार’.

पासोड्या विठोबाजवळ एका जिन्याखाली
रांजणे नावाचा मुलगा ऐंशी रुपयांत चार सीड्या द्यायचा.
तिसरी जपून घाल, म्हणाला,
तिला ओरखडा आहे.
त्याच्याकडून मी वाळवंटाचा खेळ नेला होता,
बुडत्या बेटांचा नेला होता,
पण जीव जडला तो ह्या चार सीड्यांवर.

धनकवडीत दोन खोल्या.
कॉम्प्युटर शिलाई मशीनवर,
त्यामुळे लढाईत माझे पाय
नकळत पायडल मारायचे.
गुरुवारी वीज जायची, यूपीएस चार मिनिटं टिकायचा,
चार मिनिटांत सुरक्षित जागा शोधून
खेळ जतन करायचा
आणि मग अंधारात बसून विचार करायचा
की आपण पुलाच्या अलीकडे आहोत की पलीकडे.

एकटीने खेळायचा खेळ, असं वेष्टणावर होतं.
आई मागे लसूण सोलत बसायची.
चिलखतवाला तीनशे म्हणाला की
‘अडीचशे सांग.’
सांगता येत नाही गं, इथे तसं बटणच नाही.
‘दुपारी बंद असतं का दुकान?’
नाही.
‘मग एवढा माज कशाचा!’

उत्तरेला आभाळ तडकलं होतं.
राजाने स्वतः बोलावून सांगितलं,
तीन दिवसांत आली नाहीस तर सगळं संपेल.
आणि वेशीवर गिरणीजवळ एक म्हातारी,
तिची शेळी हरवलेली.
आई म्हणाली, आधी तिचं बघ.
राजाकडे माणसं आहेत.

मी शेळी शोधत राहिले. सबंध पावसाळा.
जगबुडी थांबली.
त्या वर्षांतल्या खेळांत थांबायची ती,
तुम्ही कुणाची पत्रं पोचवा, विहिरीतली अंगठी काढा,
आभाळ तसंच तडकलेलं, एक इंचही पुढे नाही.

पतपेढी थांबली नाही.
नोव्हेंबरात शटर अर्ध्यावर आलं,
डिसेंबरात पूर्ण.
अध्यक्ष कुठे गेले ते कळलं नाही,
कॅशियरचं घर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.
दाराची कडी वाजली की मी स्पीकर बंद करायचे.
बिनआवाजाची तलवार चालायची पडद्यावर
आणि बाहेर आई तेच तेच वाक्य
प्रत्येकाला नव्याने सांगायची.

शेळी सापडली नाही.
बऱ्याच वर्षांनी कुणीतरी सांगितलं
की ती तिसऱ्या सीडीवर होती,
त्या ओरखड्याच्या जागी.
पण मी तेव्हाच आईला म्हणाले होते, सापडली.
भाकरी थापता थापता ‘बरं झालं’ म्हणाली,
हात धुऊन आली आणि लिहिलं,
शेळी पोचती केली. येणे-देणे नाही.

हे मला आठवत होतं.
त्याच्या पुढचं पान मी पाहिलंच नव्हतं.

वाघोलीकर बाई, अठरा हजार.
खाली पाचशे, तारीख. पाचशे, तारीख.
मधे एका दिवाळीत तीनशेच.
शाई बदलत गेलेली, अक्षर तेच,
दोन हजार सहाच्या मार्चपर्यंत.
वर मथळा नाही, अध्यक्षांचं नाव नाही,
डावीकडे जमा काहीच नाही.

आईला विचारलं नाही.
ती आत कुणाला तरी फोनवर
गॅसचा नंबर कसा लावायचा ते समजावत होती.

जुनी हार्डडिस्क रात्री लावून पाहिली.
उघडली. मी पुलाच्या अलीकडेच आहे,
मशाल अर्धी जळलेली, पिशवीत लांडग्याची कातडी.
उत्तरेकडचा रस्ता मोकळा.
मी गिरणीकडे वळले.
राजा थांबेल.
त्याच्याकडे माणसं आहेत.