सात दिवसांचा क्यूब

सातव्या दिवशी फोडलेला क्यूब
कमी भरला.
फार नाही, डोळा झाकावा एवढाच.

तावडेसाहेब म्हणाले, आकडा जरा वर सरकव.
टेकू काढू दे, वरचा मजला खोळंबलाय,
क्रेनचं भाडं काही झोपत नाही.

पेन कानामागे खोचून बाहेर आलो.
चेंबूरचं बाराचं ऊन.
उभ्या सळ्या, टोकांवर पिवळ्या टोप्या.
मोइनुल स्लॅबवर पाणी मारत होता,
गोणपाटाचे कोपरे पुन्हा पुन्हा ओले करत,
तापल्या पोराच्या कपाळावरची घडी बदलावी तसा.
मला बघून म्हणाला,
अभी कच्चा है.

आत जाऊन आकडा लिहिला,
होता तसा.
साहेबांनी शिव्या घालत सही केली.

अठ्ठाविसाव्या दिवशी
दुसरा क्यूब मशीनखाली ठेवला
आणि काटा हलायच्या आधी
मोइनुलला हाक मारली.