पोटाचा संप

लुदेआकच्या अलीकडे, रात्री अडीचला,
पोटानं संप पुकारला.

पायांचं काय, पाय सांगकामे.
खिशात अजून सात जेल: लिंबू, कोला, खारं कॅरमल.
आठवं मघाशी ओकलो कुणाच्या तरी
हायड्रेंजियावर. झाड ज्यांचं असेल त्यांनी माफ करा.

मी शाळेत स्वयंपाकी. दोनशे बारा पोरांना
रोज दटावतो, ताटात टाकायचं नाही.
आणि स्वतःसाठी चार महिने तक्ता आखला:
तासाला साठ ग्रॅम साखर, इतकं मीठ, इतकं पाणी.
पोटाला तेवढं विचारायचं राहिलं.

वळणावर टेबल, कंदील, रजईत गुंडाळलेली म्हातारी.
नाव सोआझिग, तिनंच सांगितलं.
माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली,
"गोड नको ना आता?"
आणि उकडलेला बटाटा दिला, गार, सालीसकट,
वर खडेमीठ.

एवढासा चावला. थांबलो.
आत कुणीतरी कडी काढल्यासारखं वाटलं,
दार नाही उघडलं.

दुसरा घास घ्यायची घाई केली नाही.
मागचे एकेक करून पुढे गेले,
त्यांचे लाल दिवे चढावर बारीक होत.
मी हातात अर्धा बटाटा धरून उभा.

सोआझिगनं वहीत माझं गाव लिहिलं,
चुकीचं.
राहू दिलं.