बॉस्टनचा र

रात्री साडेदहाला, सासू घोरायला लागली की
मी हेडफोन लावते
आणि अमेरिका माझ्या कानात येऊन बसते,
एका वेळी बारा सेकंदांची.

ऐकायचं. ऐकू येईल ते लिहायचं.
मग खूण करायची: स्पष्ट, अस्पष्ट, मागे गोंगाट.
एका तुकड्याचे सव्वादोन रुपये.
शेजारची यमुताई विचारते,
"काय ऐकत रायते वो तू रातभर?"
लोकायचं बोलनं, मी म्हणते.
"मंग आमचं आयक ना. आमी त फुकटात बोलतो."

न्यूयॉर्कचा माणूस सँडविच असं मागतो
जसं सुटत्या एसटीतून कंडक्टरकडे राहिलेले पैसे मागावेत.
ह्यूस्टनची बाई 'तुम्ही सगळे' एका घासात गिळते;
तिची शेजारीण गाडीनं वीस मिनिटांवर,
तरी ती तिला शेजारीणच म्हणते.
शिकागोतला एक म्हातारा बर्फ उपसतो,
मोकळ्या झालेल्या जागेत घरातली खुर्ची मांडतो;
गाडी परत येईस्तोवर जागा त्याची.
हे मला लगेच समजलं.
आम्ही खिडकीतून दुपट्टा टाकतो.

फिलाडेल्फियात पाण्याला वुडर म्हणतात.
तीनदा ऐकलं, चौथ्यांदा कळलं
की बाई तहानलेली आहे.

आणि बॉस्टनवाले र खातात.
कार म्हणायला निघतात, काऽ वर थांबतात,
पुढे गेट लागल्यासारखे.
पहिल्या आठवड्यात माझे एकोणीस तुकडे परत आले.
मला वाटलं होतं माणसाचे दात पडलेत.

एवढे र जात असतील कुठे?

माझं माहेर लाखांदूरकडे, झाडीत.
तिथे ळ कोणी उचलतच नाही.
डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा,
सगळीकडे र, धानाच्या बांधीत पाणी असावं तसा.
लग्न होऊन दर्यापुराकडे आले
तर इथे डोया आणि काया.
पहिल्याच सकाळी चुलीपाशी मी म्हटलं,
डोऱ्यात धूर गेला.
नणंद पंधरा दिवस पाहुण्यांसमोर बोलवायची,
"वयनी, म्हना ना एक डाव."
मी म्हणायचे.

भाताची भाकर झाली,
बोडीच्या गोड्या पाण्याचं खारपाण झालं,
र चा य झाला.
फक्त रागावले की अजून र येतो,
आणि मग नवरा हसतो,
आणि मग मी आणखी रागावते.

गेल्या महिन्यात कंपनीनं मराठी मागितली.
वाक्य होतं: बाळाच्या डोळ्यात काजळ घातलं.
मी वाचलं. माझ्या तोंडी बाळाचे बारा वाजले.
परत आलं: उच्चार अस्पष्ट.
मग सासरच्या जिभेनं वाचलं;
आता बाळाच्या बाया झाल्या.
अस्पष्ट.
शेवटी तिसरीतल्या ईश्वरीला उठवलं.
तिनं डोळे चोळत, मास्तरांसारखा ताठ ळ लावून वाचलं
आणि पुन्हा झोपली.
स्पष्ट.
आजीपाशी डोया, मामाकडे डोरा, शाळेत डोळा:
एका पोरीला तीन,
आणि तिन्हींनी तिला नीट दिसतं.

काल आईचा फोन होता.
"रातचा जागू नोको मा. मले कारजी वाटते."
कारजी. किती दिवसांनी ऐकला
तो शब्द त्याच्या मूळ जागी.
फोन ठेवला, हेडफोन लावला.
बॉस्टन. बर्फात चालल्याचा करकर आवाज,
एक माणूस आपल्या आईला सांगत होता
की काऽ अजून सापडत नाही,
तू जेवून घे.
बारा सेकंदांत चार ठिकाणी र हवा होता,
एकही नव्हता.

मी चारही भरले.
माझ्याकडे पडून होते.