बाजू पलटताना

सेलूला, जिनिंगच्या आवारात,
सरकीच्या ढिगाला टेकून बसलो होतो.
साल सांगत नाही, साल सांगितलं की लोक वय काढतात.
थंडी मात्र अशी, की तबलजी
दर चिजेआधी शेगडीवर बोटं शेकून घेत होता.

रेवूबाई मानवतकर बसल्या तेव्हा साडेदहा झालेले.
जलीलचा टू-इन-वन माझ्या मांडीवर,
सहा मोठे सेल, साठ मिनिटांची कॅसेट:
तीस अलीकडं, तीस पलीकडं.

माइक म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढी जाळी.
तिच्यातून आधी आत गेला जनरेटर,
मग चहावाल्याच्या कपबशा,
मग कुणीतरी म्हणालं, "सरका की वो पावणं,"
आणि त्या सरकण्यातून वाट काढत
मालकंस आला.

पाऊण तास नव्हे, अर्धाच तास म्हणा,
मी मान हलवली नाही, कॅसेटवर येईल म्हणून.
मग बाईंनी खालून एक तान उचलली.
वर, आणखी वर,
आता समेवर येणार, येणारच,
आणि मांडीवर खट्.

काढा, पलटा, झाकण लावा,
दोन बटणं एकदम दाबायची असतात.
माझी बोटं शेगडीवर नव्हती शेकलेली.

दुसरी बाजू सुरूच होते ती माणसांच्या ओरडण्यानं.
काहीतरी घडलं होतं.
मी दोन हातांवर होतो
आणि बटणाकडं बघत होतो.

आता मोटार रिवाइंडिंगच्या दुकानामागं
माझी खोली आहे, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या.
पुतण्या अंगदनं नांदेडहून साउंड कार्ड आणलं,
काळा माइक आणला, त्याला मोजा घातला.
पडद्यावर ती रात्र हिरव्या अळीसारखी पसरते,
मधे तुटलेली.
ठेक्याच्या हिशोबानं मोजलं: अकरा सेकंद.

अंगद म्हणाला, "काका, अलीकडची तान तिथं चिकटवू,
कुणाला कळतंय?"
त्याला चहा पाजून सहाच्या गाडीला बसवून दिला.

मग रात्री स्वतःच गाऊन बघायला लागलो.
माझ्या आवाजाला वार्निशचा वास येतो.
ट्रॅक एक, ट्रॅक चार, ट्रॅक एकोणीस.
समेवर येतो मी,
पण येतो म्हणजे बसमधून उतरतात तसा.

जलीलला विचारलं.
तो म्हणाला, "बाईला ठसका लागला,
तबल्यानं सांभाळलं, म्हून टाळ्या."
मानवतला जाऊन तंबोऱ्यावरच्या गोविंदरावांना विचारलं.
त्यांचं आता ऐकणं कमी झालंय, सांगणं नाही.
"कशाची तान घेऊन बसलास बाबा,
लाइट आली होती.
लोक लाइटीला वरडले."

घरी येऊन हेडफोन लावला.
पहिल्या बाजूला जनरेटर, शेवटपर्यंत.
दुसऱ्या बाजूला
नाही.
इतकी वर्षं ऐकतोय,
हे नसणं कधी ऐकूच आलं नव्हतं.

पुन्हा लावलं. पुन्हा.
त्या ओरड्याच्या खाली, अगदी तळाशी,
एक बाई हसते.
लाइट आल्याचं हसू, की सम सापडल्याचं,
की ठसका निघून गेल्याचं,
आवाज कितीही मोठा केला तरी
हसूच राहतं ते.

ट्रॅक वीस. गायलो नाही.
माइक चालू ठेवून अकरा सेकंद नुसता बसलो.
आत गेलं ते असं:
परभणीकडं निघालेली मालगाडी,
दुकानात टेस्टिंगला लावलेली साडेसातची मोटार,
आणि दारातून इंदुमती,
"काय करायलाव एवढ्या रात्री? भाकर गार झाली."
तो ट्रॅक पुसलेला नाही.
जोडलेलाही नाही.

येत्या शनिवारी जिंतूरला
कुणी नवी पोरगी गाणार आहे म्हणे.
रेकॉर्डर घरीच ठेवावा म्हणतो या खेपेला.
हात मोकळे ठेवून बसावं.
चार्जिंगला मात्र
लावून ठेवलाय.