रिकामी वाटते ती कुपी

पहिल्यांदा मलाही वाटलं होतं, रिकामीच पाठवली.
उजेडाकडे धरली, तिरकी केली,
तेव्हा कुठे तळाशी काहीतरी दिसलं.
काचेवर श्वास सोडावा आणि तो तिथेच वाळून जावा,
इतकंच.
पाच मिलिग्रॅम पेप्टाइड.
एका ओळीत चौदा दुवे,
कुठल्याच जिवाच्या पोटात न जन्मलेले.

ओसियेकच्या या तळघरात मला बारा वर्षं झाली.
खिडकी जमिनीलगत, त्यामुळे माणसं दिसतात ती घोट्यापर्यंत,
आणि द्रावा नदी चढली की नुसता बुटांवरचा चिखल.

वरच्या मजल्यावर मिस्लाव ही साखळी घडवतो.
राळेच्या कणाला पहिला दुवा चिकटवायचा.
धुवायचं.
त्याच्या टोकावरची टोपी काढायची.
धुवायचं.
दुसरा द्यायचा, मग तिसरा, रात्रभर.
मधला एखादा गळला तर यंत्र हूं की चूं करत नाही,
पुढे जातं.
सकाळी आलेखावर उंच सुळक्याला खेटून
एक बुटका उंचवटा उभा असतो.
मिस्लाव त्याला ‘बिनबोलावला मेहुणा’ म्हणतो
आणि पुन्हा पहिल्यापासून बसतो.

माझ्याकडे चोवीस उंदीर.
टाचेची कंडरा कापलेली, दोन टाके, शेपटीवर शाईच्या रेघा.
निम्म्यांना कुपीतलं, निम्म्यांना मिठाचं पाणी.
कुणाला काय, ते मलाही माहीत नाही,
पाकीट डॉक्टर यागोदांच्या कपाटात, कुलपात.
मी टोचते, तोलते, पावलांना शाई लावून
कागदावरून चालवते.
चालणं वाचता येतं मला आता,
जशी आमची आई पीठ मळता मळता हवा वाचायची.

एका लग्नात माझा भाऊ झ्वोन्को
पोरांबरोबर फुटबॉल खेळायला गेला.
वय अठ्ठेचाळीस, धंदा कौलं शाकारायचा,
पोटात आलुबुखाऱ्याची दारू.
म्हणाला, कुणीतरी मागून लाथ घातली असं वाटलं.
मागे कुणीच नव्हतं.

प्लास्टर टेबलावर ठेवून मला विचारतो,
‘तुझ्याकडे आहे ना ते, श्तेफा?
पाहिलंय मी फोनवर. लोक विकत घेतात, स्वतःच टोचतात.’
मी सांगितलं, माणसावर अजून धड काही तपासलेलं नाही.
कुपीवर लिहिलेलं असतं एक, आत असतं काय, देव जाणे.
आत मेहुणा निघाला तर?
त्याला मेहुणा कळला नाही.
‘उंदरांना देतेस,’ तो म्हणाला, ‘आणि सख्ख्या भावाला नाही.’

‘झ्वोन्को, उंदरांना मी नंतर मारते.’

चौदाव्या दिवशी, न दुखवता.
मग ती जुळून आलेली कंडरा बाहेर काढून
दोन चिमट्यांत धरायची
आणि ताणायची, तुटेपर्यंत.
किती जोरावर तुटली, तेवढाच आकडा वहीत.
बरं झालेलं मोजायची आमची रीत ही एवढीच.

तो बराच वेळ प्लास्टर खाजवत बसला, विणायच्या सुईनं.
मग म्हणाला, सूप गार होतंय.

पाकीट फुटलं फेब्रुवारीत.
फरक होता. असेल. यागोदांना आणखी चाळीस उंदीर हवेत.
पण सगळ्यांत जास्त ताण सोसला तो सतराव्यानं,
आणि त्याला मिळालं होतं मिठाचं पाणी.
का, याचा रकाना वहीत नाही.
त्याच्या पुढे मी पेन्सिलीनं एक टिंब दिलंय,
कुणी विचारलंच तर डाग म्हणेन.

आज चार वाजता झ्वोन्को न्यायला येणार होता.
खिडकीशी पिंजरे धुताना
फुटपाथवर ओळखीचे बूट आले, लाल मातीचे,
म्हणजे छपरावर चढला होता, सांगितलं होतं तरी.
उजवा. डावा.
डावा किंचित उशिरा सुटतो जमिनीवरून.
मी नळ बंद केला
आणि तो दारापर्यंत पोचेतो
मोजत राहिले.