उतरता लिलाव

एकेचाळीस वर्षं मी मासळीचा लिलाव पुकारतो.
आमच्या बंदरात भाव चढत नाही, उतरतो:
वरून सुरू करायचं, आकडे गडगडत खाली आणायचे,
आणि ज्याला हवं त्यानं मध्येच ओरडायचं, शुई!
की पेटी त्याची.
घाई केलीत तर महाग, थांबलात तर हातची गेली.

मार्चात ग्रासिएत आली, फरशा रंगवणारी,
नखांत निळा रंग. म्हणाली,
फिर्मिनो, सतरा छात्या विकायच्यात.
मी म्हटलं, बाई, मी सार्डिन विकतो.
म्हणाली, म्हणूनच. तुझ्या तोंडी आकडे शोभतात.

प्लास्टरच्या होत्या त्या.
जाळी विणणाऱ्या बायका, डबाबंद कारखान्यातल्या,
एक तर पाद्रीबाबांची सख्खी बहीण,
व्हॅसलीन चोपडून, ओल्या पट्ट्या अंगावर घेऊन
वीस वीस मिनिटं बसलेल्या, न हसता,
कारण हसलं की तडा जातो.
मग ग्रासिएतनं त्या रंगवल्या:
लिंबं, गलबतं, एकीवर नुसतीच रागावलेली कोंबडी.
पैसे हवे होते तपासणीच्या गाडीसाठी.
यंत्र आहे, पण शहरात, दोन बस बदलून,
आणि बस सुटते नेमकी बोटी परततात तेव्हा.
कोण जाणार?

झुल्मिरा नाही गेली.
पेटीचा कोपरा लागला असेल, म्हणायची.
मीही तेच म्हणालो,
आणि पेटी बदलून दिली.

रविवारी हॉल तीनदा धुतला, वास राहिलाच.
बर्फाच्या टेबलांवर त्या सतराजणी ओळीनं,
आणि आख्खं गाव चर्चच्या कपड्यांत.
कोंबडी दोनशे दहाला गेली.
लिंबं दातांच्या डॉक्टरनं नेली, बायकोकडे न बघता.

सतरावी देओलिंदाची.
उजवीकडे उभार, डावीकडे सपाट, टाक्यांच्या वळासकट,
आणि सगळ्यावरून पसरलेला आमच्याच बंदराचा नकाशा,
खोलीचे मुंगीएवढे आकडे, सहा वाव, नऊ वाव, चौदा,
अन् सपाट बाजूला, काखेलगत, एक लहानशी फुली.
आमच्यात पोरंसुद्धा ओळखतात ती खूण:
पाण्याखाली खडक. वरून दिसत नाही.

पाचशे, मी म्हटलं. चारशे नव्वद. ऐंशी.
कुणी ओरडेना. सगळे फुलीकडे बघत होते.
चारशे. तीनशे साठ.
तीनशे दहाला जीभ अडली.
देओलिंदा पुढच्याच बाकावर, मांडीवर पर्स घट्ट धरून,
तिच्यादेखत तिला आणखी खाली कसं न्यायचं?

तीनशे अकरा, मी म्हटलं.
कुणीतरी फिसकन हसलं.
तीनशे बारा. तीनशे वीस. चारशे.
घेणारा कुणी नाही, आणि भाव चढतोय,
दीपगृहाच्या जिन्यावर निघालेल्या म्हाताऱ्यासारखा,
मध्ये थांबलो तर परत निघणं व्हायचं नाही.
साडेपाचशे. सहाशे.
बर्फ वितळून माझ्या बुटात पाणी.

सहाशे चाळीसला देओलिंदाच ओरडली, शुई!
पुरे कर, फिर्मिनो.
एवढी महाग मी लग्नातही नव्हते.

पैसे जाळीवाल्यांनी भरले, कॉफीच्या डब्यातून,
निम्मी नाणी. मोजता मोजता रात्र झाली,
आणि एक बटण निघालं, तेही मोजलं.

गाडी जूनमध्ये येईल म्हणतात. अजून थोडे कमी पडतायत.

ती छाती आता वजनकाट्याच्या वर टांगलीय.
पहाटे पाचला बायका येतात, हातमोजा काढतात,
गार बोटांनी फुली चाचपतात,
मग भिंतीकडे तोंड करून
तोच हात स्वेटरच्या आत.

तेवढा वेळ मी बर्फ फोडतो,
फुटलेला असला तरी.