ड्रायव्हर खराब आहे

मंगळवारी रात्री अपडेट आलं,
बुधवारपासून लॅपटॉप दिवसातून चारदा मरतो.
आधी पंखा घरघरतो, मग पडदा निळा,
त्यावर आडवा झालेला एक रडका चेहरा
आणि टक्के: शून्य, शून्य, वीस, शंभर.
मग उठतो आपला आपण,
काही झालंच नाही अशा थाटात.

हेल्पडेस्कवरचा मुलगा, कुणी सौमित्र,
फोनवर म्हणाला, मॅडम, ड्रायव्हर खराब आहे.
स्पीकर चालू होता.
गवार निवडत बसलेल्या अण्णांच्या हातात
शेंग अर्धी मोडून थांबली.

एकतीस वर्षं पीएमटी. स्वारगेट डेपो.
"कोण खराब आहे?"

तसा ड्रायव्हर नाही हो अण्णा, मी म्हटलं,
हा आतला निरोप्या.
पडद्यावर काय दाखवायचं ते यंत्राला सांगणारा.
"मग कंडक्टर म्हणा ना त्याला."

मी जे जे सांगतील ते केलं.
मेमरी तपासली, अँटिव्हायरस काढून टाकला,
खालून पंख्यात फुंकर मारली, शिंकले.
नव्या पेठेतला दुकानदार
नुसतं उघडून बघायचे आठशे म्हणाला.

अण्णांनी पतपेढीची जुनी डायरी काढली
आणि माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढली.

१०.४० बंद. मीटिंग चालू होती.
११.२५ बंद. मीटिंग.
२.०५ चालू. (पोरगी जेवत होती.)
४.१० बंद. मोठा पडदा जोडला आणि लगेच.

शुक्रवारी डायरी माझ्यापुढे सरकवली.
"स्वारगेट ते पद्मावती झकास जातोय.
कात्रजच्या चढाला बसतोय.
लोड काय येतो त्याच्यावर, ते बघ."

सेफ मोडमध्ये सुरू केला.
सगळं ओबडधोबड, अक्षरं बोटाएवढी;
अण्णांना पहिल्यांदाच चष्म्याशिवाय वाचता आली.
ग्राफिक्सच्या ओळीवर पिवळा त्रिकोण.
तारीख मंगळवारची.
जुन्याकडे परत न्यायचं बटण होतं,
पण राखाडी. दाबलं तरी दबेना.

"चौऱ्याण्णव साली," अण्णा म्हणाले,
बटणाकडेच बघत,
"डेपोनं नवा गिअरबॉक्स बसवला.
त्याच चढाला दुसरा पडेना.
भरलेली गाडी, मागे दुधाचा टेम्पो,
आणि आम्ही मागे मागे.
हँडब्रेकवर धरली कशीबशी.
रिपोर्टात आलं, चालकाची चूक.
तीन दिवसांचा पगार."
आईला माहीत होतं का, मी विचारलं.
"गिअरबॉक्स नवा होता ना.
नव्याला कोण खराब म्हणतंय."

मी काही बोलले नाही.
नवा ड्रायव्हर मुळासकट काढला,
कंपनीच्या साइटवर खाली, खूप खाली
मार्चमधला सापडला, तो बसवला.
रिस्टार्ट.
सोमवारी मोठा पडदा जोडून मीटिंगला बसले.
अण्णा घड्याळाकडे बघत दारात उभे.
दहा एक्केचाळीस.
दहा बेचाळीस.
ते गवारीकडे, म्हणजे त्या दिवशी दोडक्याकडे, परत गेले.

अपडेट पाच आठवडे थांबवून ठेवलंय.
त्याहून जास्त थांबवू देत नाहीत.
डायरीत त्या तारखेभोवती
लाल गोल आहे, आणि शेजारी: सावध.

संध्याकाळी सौमित्रचा फोन.
तक्रार बंद करायचीय मॅडम, कारण काय टाकू? ड्रायव्हर?
मी म्हटलं, लिही,
नवा भाग नीट बसवला नव्हता.
किबोर्डची टकटक. मग शांतता.
तसा पर्याय यादीत नाहीये मॅडम.

"इतर टाक म्हणावं,"
अण्णा स्वयंपाकघरातून ओरडले,
"आम्हाला तेवढाही रकाना नव्हता."